भरलेला सिलिंडर

१

सलिल देवकरच्या सिलिंडरमध्ये हवा काठोकाठ होती. खरी पंचाईत तीच होती.

टेबलावर तो सिलिंडर आडवा ठेवला होता. त्याच्या नळीला जोडलेल्या मापकाचा काटा भरल्याच्या खुणेपासून जेमतेम हलला होता, आणि इन्स्पेक्टर शर्मिला देवस्थळी त्या काट्याकडे भाजीवालीच्या तराजूकडे पाहावं तशा पाहत होत्या.

"मला पोहता येत नाही, त्यामुळे बावळट प्रश्न विचारला तर सांभाळून घ्या," त्या म्हणाल्या. "काल सकाळी हा मुलगा पाण्याखाली गेला. हवा मिळेना म्हणून जिवाच्या आकांताने वर पळाला. आता अतिदक्षता विभागात आहे. आणि हवा तर सगळी इथे आहे. मग काय, वापरायची नाही अशी शपथ घेतली होती त्याने?"

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं वातावरणच नव्हतं. खराडीतल्या काचेच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी असलेलं हे तळघर म्हणजे दिग्विजयच्या डायव्हिंग क्लबचं ऑफिस. एक खोली, एक छोटी पँट्री, भिंतीला उभे केलेले सिलिंडर आणि एकुलतं एक शटर. खिडकी नाही. शटर सकाळपासून खाली ओढलेलं होतं, कारण बाहेर सलिलचे नातेवाईक उभे होते. त्याचे वडील बद्रीनाथ देवकर थोड्या थोड्या वेळाने पंजाने शटरवर थाप मारत. ओरडत नव्हते, शिव्या देत नव्हते. नुसती थाप. पत्रा थरथरला की मैत्री वासनिक दर वेळी शटरकडे पाहत होती.

मैत्री कालच्या गटाची गाईड होती. तिच्या उजव्या गालावर काळानिळा वळ होता. सलिल तिच्या शेजारून वर उसळला तेव्हा तिने त्याचा घोटा धरला होता. असं वेगाने वर गेलं तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसं फाटतात, म्हणून त्याला अडवायला. त्याने दुसऱ्या पायाने तिचं तोंड फोडलं आणि निसटला. त्या झटापटीत तो थोडा तरी सावकाश वर गेला, म्हणूनच वाचला असं डॉक्टर म्हणाले. बाहेर मात्र वेगळीच बातमी होती. पोराला तिने खाली ओढून धरलं होतं, असं.

"सिलिंडर उघडला कोणी?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"मी," मैत्री म्हणाली.

"त्यानंतर उडी मारेपर्यंत त्याला आणखी कोणी हात लावला?"

"कोणीही नाही, मॅडम," दिग्विजय घाईघाईने म्हणाला. "आमच्याकडे पद्धतच आहे. गटाचं सामान तपासायचं ते गाईडने. पूर्ण जबाबदारी तिची."

इतकी स्वच्छ मराठी दिग्विजय एरवी बोलत नसे. ते वाक्य त्याने वकिलाकडून आणलं होतं हे मैत्रीला लगेच कळलं, आणि खोली आणखी लहान झाली.

२

घडलं होतं ते एवढंच. वाघोलीच्या पलीकडे एक जुनी दगडखाण आहे. दगड संपले, खोल खड्डा राहिला, त्यात पाणी भरलं. समुद्रावर जाण्याआधी क्लब तिथे सराव घेतो. पाणी हिरवं, गार, आणि हात लांब केला तर बोटं पुसट दिसतील इतकं गढूळ. म्हणून तिथे दोर सोडतात आणि दोराला धरूनच उतरायचं. मैत्री पुढे, तिच्यामागे सलिल आणि त्याचा जोडीदार तेजस. दोघं एकाच कंपनीत. नियम असा की जोडीदाराने एका हाताच्या अंतरावर राहायचं, म्हणजे एकाची हवा अडली तर दुसऱ्याची जादा नळी तोंडात घालता येते. काल तेजस एका हाताच्या अंतरावर नव्हता.

"चहा घेणार ना, मॅडम?" पँट्रीच्या दारातून महिपती सरांनी विचारलं. "मुलं सकाळपासून उपाशी आहेत."

महिपती सर नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे. पांढऱ्या मिशा, रुंद छाती, आणि क्लबमधल्या प्रत्येकाला पाण्यात उतरवलेला हात. काल सलिलला काठावर घेतल्यावर त्याच्या अंगावरचा सगळा साज त्यांनीच उतरवला, त्याला ऑक्सिजन त्यांनीच लावला, रुग्णवाहिकेत त्याचा हात धरून तेच बसले. पँट्रीत त्यांनी किटली धरली आणि जुना चक्रीचा नळ शेवटपर्यंत उघडला. पाणी उसळलं, सरांनी चक्री किंचित मागे घेतली, पण तोवर नेहमीप्रमाणे बाही कोपरापर्यंत भिजली होती. एरवी मैत्री यावरून त्यांची टिंगल करायची. आज तिचं तिकडे नीट लक्षही गेलं नाही.

तिचं लक्ष स्वतःच्या हातात अडकलं होतं. सलिलच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह तिने पूर्ण उघडला होता का? काल रात्रभर ती तो क्षण आठवू पाहत होती आणि तो येत नव्हता. व्हॉल्व्ह उघडणारा हात हजार वेळा तेच करून करून आपोआप चालायला लागतो, आणि आपोआप चाललेल्या हाताची आठवण डोक्यात राहत नाही. परवाचं आठवत होतं, मागच्या महिन्यातलं आठवत होतं, कालचं नव्हतं. आणि एक वाक्य मात्र खिळ्यासारखं रुतून बसलं होतं. काल ती सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरून दोर धरून थांबली होती. सलिलने उडी मारली आणि त्याच्यामागून काठावर वाकून सर तिला म्हणाले, "मैत्री, लक्ष कुठे असतं तुझं?"

तेव्हा तिला वाटलं, दोरापासून लांब गेले म्हणून ओरडले. आता तिला तसं वाटत नव्हतं. काल संध्याकाळी तिला घरी सोडताना गाडीत सर हलक्या आवाजात म्हणाले होते, "होतं कुणाच्याही हातून, बाळा." म्हणजे सरांना दिसलं होतं. तिची चूक त्यांना दिसली होती, आणि ते तिला सांभाळून घेत होते.

"मिस वासनिक," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही पूर्ण उघडला होता, हे शपथेवर सांगाल?"

मैत्रीने तोंड उघडलं. शटरवर थाप पडली.

"नाही सांगू शकत," ती म्हणाली.

दिग्विजयने खुर्चीत मागे टेकून सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता हे लपवायचे कष्टही त्याने घेतले नाहीत.

३

तेजसला इन्स्पेक्टरबाईंनी समोर बसवलं. पोराचे डोळे सुजलेले होते.

"तुम्ही दोघं एकाच बढतीसाठी उभे आहात, असं तुमच्या ऑफिसात कळलं."

"बढती नाही मॅम, ऑनसाइट. जर्मनी." तेजस एकदम उसळला. "आणि मी त्यासाठी मित्राला मारीन? सीरियसली? चूक झाली माझी, मान्य. मी व्हिडिओ काढत होतो. मला वाटलं दोन मिनटं लांब गेलो तर काय होतंय. वळून बघितलं तर तो गायब. मी जवळ असतो ना, तर माझी हवा दिली असती त्याला. हे मला लाइफटाइम छळणार आहे, तुम्ही वेगळं काही करायची गरज नाही."

"ते ठरवायचं काम माझ्याकडे राहू द्या. व्हिडिओ दाखवा."

लॅपटॉपवर हिरवं पाणी दिसलं. बुडबुडे, दोर, आणि क्षणभर सलिल अगदी जवळून. त्याने मापक हातात धरलं होतं आणि त्याकडे पाहत होता. श्वास घेतला की काटा धाडकन खाली, श्वास सोडला की परत वर. पुन्हा श्वास, पुन्हा खाली. मग कॅमेरा एका माशाकडे वळला.

"हे काय आहे?" बाईंनी चित्र थांबवून मैत्रीला विचारलं.

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. या खोलीत याचा अर्थ सांगू शकणारी माणसं दोनच, आणि दुसरं माणूस पँट्रीत तिच्यासाठी चहा करत होतं.

"सिलिंडर भरलेला असला," ती म्हणाली, "पण व्हॉल्व्ह जेमतेम फटीएवढा उघडा असला, तर असं होतं. काठावर श्वास नीट येतो. काटाही भरलेलाच दाखवतो, नीट पाहिलं तरच श्वासागणिक जरासा हललेला दिसतो. खोल गेलं की प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते आणि ती त्या फटीतून पुरेशी येत नाही. गळा आवळल्यासारखं होतं. माणूस जितका घाबरतो तितका जोरात ओढतो, आणि तितकी कमी मिळते."

"म्हणजे यंत्रात बिघाड नाही?"

"नाही."

"व्हॉल्व्ह नीट उघडलेला नव्हता."

"नव्हता."

"आणि उघडला तुम्ही."

"हो."

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या नोकरीत आरोपीने स्वतःचा खटला इतक्या व्यवस्थित कधी मांडून दिला नव्हता."

मैत्रीला बाबांचा चेहरा आठवला. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले बाबुराव वासनिक सकाळी फोनवर "जय भीम, बेटा" म्हणाले आणि पुढे बोलूच शकले नाहीत. आयटीतली नोकरी सोडून पोरगी पाण्यात उड्या मारणार, हे त्यांना पटवायला महिपती सर स्वतः घरी आले होते. आईच्या हातचा वडाभात दोनदा मागून खाल्ला आणि म्हणाले, माझ्या मुलीसारखी सांभाळीन. बाबा त्या एका वाक्यावर राजी झाले होते.

४

"उडी मारायच्या आधीचं काही आहे का?" बाईंनी तेजसला विचारलं.

"एक रील आहे. पोस्ट नाही केलं. कॅमेरा केसमध्ये टाकायच्या आधीचं."

खाणीचा काठ, ऊन, सलिलचं भेदरलेलं हसू. जोडीदारांची तपासणी चालली होती. सलिल नळी तोंडात धरून श्वास घेत होता आणि तेजसचा आवाज येत होता, "काटा बघ, काटा!" काटा जागचा हलत नव्हता. त्याआधीच सलिलच्या पाठीमागून मैत्रीचा हात व्हॉल्व्हवरून निघताना दिसला होता. मग ती चौकटीतून बाहेर गेली आणि पाण्याचा धप्प आवाज झाला.

"पुन्हा लावा," बाई म्हणाल्या. पुन्हा लागलं. काटा तसाच स्थिर.

"इथे तो हलत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे इथे व्हॉल्व्ह नीट उघडा आहे. तुम्ही उघडलाय, मिस वासनिक, आणि बरोबर उघडलाय. त्यानंतर तुम्ही पाण्यात. पाण्यातून काठापर्यंत पोचेल एवढा तुमचा हात लांब दिसत नाही."

मैत्रीला उठून उभं राहावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, आणि दोन्ही जमलं नाही. तिच्या हाताने चूक केली नव्हती. कालपासून ज्या हाताकडे ती परक्याच्या हातासारखं पाहत होती, तो पुन्हा तिचा झाला.

"मी तेव्हा गाडीपाशी होतो हां, फोनवर," दिग्विजय म्हणाला. "आणि मॅडम, मी स्वतः पाण्यात उतरतच नाही. मला ते काय कुठे फिरवतात, तेही माहीत नाही."

"क्लबच्या पाटीवर तुमचा फोटो पाणबुड्याच्या पोशाखात आहे."

"तो फोटो आहे," दिग्विजय पुटपुटला.

"तेजस, तुम्ही कुठे होतात?"

"खाली बसून पायात फिन्स घालत होतो, पाठ करून. सलिल मागे उभा होता. सर त्याच्याशी बोलत होते, धीर देत होते. तो जाम घाबरला होता ना."

बाईंनी मान हलवली आणि मैत्रीला टेबलाजवळ बोलावलं. "हा सिलिंडर काल काठावरून आमच्या गाडीत गेला आणि तिथून इथे. मधे कोणी हात लावलेला नाही. आधी भिंतीजवळचा एखादा घ्या आणि तुम्ही नेहमी उघडता तसा उघडा."

मैत्रीने उघडला. चक्री फिरत गेली आणि शेवटाला टेकली. तिने हात काढला.

"आता सलिलचा. तो किती उघडा आहे बघा."

तिने चक्रीला हात घातला. ती उघडीच होती, जवळजवळ पूर्ण. पण शेवटाला टेकलेली नव्हती. मैत्रीने हलकेच फिरवली, ती जराशी फिरली आणि मग टेकली.

"टेकायला थोडी बाकी होती," तिच्या तोंडून निघून गेलं.

"किती?"

"पाव फेरा."

आणि तो शब्द उच्चारताच तळघरातली सगळी हवा कोणीतरी काढून घेतल्यासारखं तिला झालं. पँट्रीत नळ जोरात उसळला, आणि किंचित मागे घेतल्यावर त्याचा आवाज बसला.

५

जुन्या पाणबुड्यांची ती सवय. व्हॉल्व्ह शेवटपर्यंत उघडायचा आणि पाव फेरा मागे घ्यायचा, म्हणजे तो अडकून बसत नाही. आता तसं शिकवत नाहीत. मैत्रीच्या पिढीला शिकवलं ते पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद करा, मधलं काही नको. क्लबमध्ये पाव फेरा मागे घेणारं माणूस एकच उरलं होतं, आणि ते घरच्या नळापासून आगबोटीच्या झडपेपर्यंत सगळीकडे घेत असे.

"हा व्हॉल्व्ह पाण्याखाली फटीएवढा उघडा होता," इन्स्पेक्टरबाई सावकाश म्हणाल्या. "आता तो जवळजवळ पूर्ण उघडा आहे. म्हणजे सलिलला बाहेर काढल्यावर कोणीतरी तो उघडला. आणि पाव फेरा मागे घेतला. असं कोण करतं?"

मैत्रीने चक्रीवरचा हात काढून घेतला.

"तुम्हाला माहीत आहे."

"नाही."

"मिस वासनिक, सकाळपासून तुम्ही स्वतःविरुद्ध एक शब्द लपवला नाहीत. आता पहिल्यांदा खोटं बोलताय, आणि तेही वाईट बोलताय."

शटरवर थाप पडली. नाव घेतलं तर सरांची चाळीस वर्षं पाण्यात जाणार. नाही घेतलं तर बाहेरची माणसं, बाबा, आई, सगळ्यांच्या नजरेत ती कायमची त्या खाणीच्या तळाशी राहणार. वर जायला दोन्हीकडून वाट नव्हती. तिला आपल्या मुठीतून हिसडून सुटलेला सलिलचा घोटा आठवला. कसं वाटलं असेल त्याला, ते आत्ता पुरतं कळलं.

महिपती सर चहाचा ट्रे घेऊन आले. कप मांडले. भिजलेल्या बाहीतून टेबलावर पाण्याचे थेंब पडले. इन्स्पेक्टरबाईंनी त्या बाहीकडे पाहिलं, मग पँट्रीतल्या नळाकडे, आणि कपाला हात लावला नाही.

"आपली बाही भिजली," त्या म्हणाल्या. "किटली भरायला नळ एवढा उघडायला लागतो?"

सर हसले. "सवय आहे हो."

बाई पुढे काही विचारणार होत्या, पण मैत्रीच आधी बोलली. हे दुसऱ्या कोणी विचारलेलं तिला सोसलं नसतं.

"सर, काल सलिलशी बोलताना तुम्ही त्याच्या मागे उभे होतात की पुढे?"

सरांनी हातातला कप खाली ठेवला. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि ती नजर वळवत नाही असं पाहून हळूच खुर्चीत बसले.

"पुढे," ते म्हणाले.

"म्हणजे?" दिग्विजयने विचारलं.

"व्हॉल्व्ह पाठीमागे उभं राहून फिरवायचा असतो," मैत्री म्हणाली. "समोरून खांद्यावरून हात टाकला, तर दिशा उलटी होते. उघडतोय असं वाटतं आणि बंद होतो."

"तो घाबरला होता," सर म्हणाले. "बोलता बोलता खांद्यावरून हात टाकला. शेवटची एक खात्री करून घ्यायची, ही आमची जुनी खोड. व्हॉल्व्ह फिरवला तर फिरतच गेला. वाटलं, पोरगी उघडायला विसरली. टेकेपर्यंत फिरवला, पाव फेरा मागे घेतला, आणि मनात म्हटलं, वाचलो. पाहुण्यांसमोर तुझा पाणउतारा नको म्हणून तेव्हा बोललो नाही. नुसतं म्हटलं, लक्ष कुठे असतं तुझं."

"म्हणजे तुम्ही तो पूर्ण बंद केलात, आणि पाव फेऱ्याएवढी फट ठेवलीत," बाई म्हणाल्या.

"हो. त्याचा साज उतरवताना हाताला लागलं तेव्हा कळलं. तसाच उघडून टाकला. विचार असा केलाच नाही."

"पण पाव फेरा मागे घेतलात."

"तो मी घेत नाही हो, मॅडम. हात घेतो."

"काल संध्याकाळी गाडीत हात बोलत नव्हता, सर," मैत्री म्हणाली. आता तिचे डोळे वाहत होते आणि ती पुसत नव्हती. "तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही मला म्हणालात, होतं कुणाच्याही हातून. मी रात्रभर माझा हात बघत बसले."

महिपती सरांनी मान खाली घातली. "सकाळी सांगणार होतो. मग शटर ओढलं, बाहेर ती माणसं, आत पोलीस. चहा करायला गेलो. एक झाला की दुसरा करत राहिलो."

६

इन्स्पेक्टरबाई उठल्या. "काठावरच्या चुकीचं काय ते कोर्ट बघेल. नंतरच्या गप्प बसण्याचं मात्र तुमचं तुम्हालाच बघायला लागेल. चला."

"बाहेर देवकर उभे आहेत," दिग्विजय म्हणाला. "ते जाईपर्यंत थांबता येईल. तमाशा नको."

"त्यांना मी सांगतो," सर म्हणाले.

"ते आमचं काम आहे," बाई म्हणाल्या.

"नाही, मॅडम," मैत्री म्हणाली. "सरांना सांगू द्या."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि तेजसला खूण केली. त्याने वाकून शटर वर ढकललं. उजेड आत आला तेव्हा सगळ्यांनी डोळे बारीक केले. बद्रीनाथ देवकर थाप मारायला उचललेला हात तसाच धरून उभे होते. मागे त्यांचे चार-दोन नातेवाईक.

"मी भांडायला आलो नाही," ते मैत्रीलाच म्हणाले. "काल बोललो ते बोललो. सकाळी त्याला शुद्ध आली. नळी आहे तोंडात, बोलता येत नाही. पाटीवर एकच लिहितोय, पुसतोय, परत लिहितोय. ‘माझं काय चुकलं?’ डॉक्टरांना माहीत नाही. मला माहीत नाही. म्हणून तुम्हाला विचारायला आलो, तर तुम्ही शटर लावून बसलाय."

रात्री मैत्री आपल्या घरी आणि सकाळी सलिल त्या इस्पितळात, अशी दोन माणसं हाच एक प्रश्न घेऊन पडली होती, आणि उत्तर ठाऊक असलेलं तिसरं माणूस त्यांच्यापैकी एकाला गाडीतून घरी सोडून आलं होतं.

महिपती सर पुढे झाले. बाही अजून ओलीच होती. "त्याचं काही चुकलं नाही, देवकर साहेब," ते म्हणाले. "या मुलीचंही नाही. चूक माझी आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं, काठावर कसे उभे होते तिथपासून चहापर्यंत. मधे थांबले नाहीत, स्वतःला सोडलं नाही. बद्रीनाथांनी मधे एकदा हात उगारला. सरांनी तो चुकवायचा प्रयत्न केला नाही, आणि मग बद्रीनाथांनीच तो आपणहून खाली घेतला.

पोलिसांची गाडी निघाली. सरांनी मागच्या काचेतून एकदा वळून पाहिलं. मैत्रीने हात हलवला नाही. तिला हलवायचा होता की नाही, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

"त्याला कोण सांगणार आता?" बद्रीनाथ म्हणाले. "मला ते व्हॉल्व्ह-बिल्व्ह नीट सांगता येणार नाही. तू येतेस का?"

"येते, काका," मैत्री म्हणाली.

ती त्यांच्या गाडीत पुढे बसली आणि सगळ्यात आधी काच पूर्ण खाली केली.